बिननावाचा डबा

फ्रिज उघडला तर आत दिवा लागला, बाकी काहीच नव्हतं. चारही कप्पे धुऊन पुसून लख्ख, लिंबाच्या साबणाचा वास, दारात सॉसच्या दोन-चार पुड्या. आणि मला हायसं वाटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यानंतर जे जे वाटलं ते कुणालाही समजेल असं आहे. पण त्याच्याही आधी, अगदी आधी, मला हायसं वाटलं होतं. गणिताच्या पेपरला निघावं आणि वाटेत कुणीतरी सांगावं की कोणी पुढारी वारले, शाळेला सुट्टी, तसं. मग मी दार लावलं आणि पुन्हा उघडलं. फ्रिज रिकामा दिसला की माणूस दार लावून पुन्हा का उघडतं, कोण जाणे.

मधल्या कप्प्यात, सगळ्यात मागे, माझा स्टीलचा डबा होता. त्यात माझं शेवटचं इंजेक्शन होतं. गेले दहा-बारा दिवस मी रोज संध्याकाळी, शनिवार-रविवारीही, ऑफिसच्या बाथरूममध्ये कडी लावून स्वतःच्या पोटात सुई टोचून घेत होते. बीजं वाढावीत म्हणून. वाढली की काढायची आणि गोठवून ठेवायची, पुढेमागे मूल हवंसं वाटलं तर. डॉक्टर त्यांना एग्ज म्हणतात, पुस्तकात स्त्रीबीज म्हणतात, मी मनातल्या मनातसुद्धा नुसतं ‘ते काम’ म्हणते. आजचं इंजेक्शन रात्री नऊला घ्यायचं. त्याला ट्रिगर म्हणतात. ते वेळेवर घेतलं की रविवारी सकाळी बीजं काढता येतात. नाही घेतलं तर ती हाताला लागत नाहीत, आणि इतक्या दिवसांची टोचाटोची पाण्यात. मागच्या हिवाळ्यात एकदा हे सगळं केलं होतं, तेव्हा फार थोडी मिळाली, आणि त्यातली कामाची त्याहून थोडी. या वेळी सोनोग्राफी बघून डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, वयाच्या मानाने उत्तम आहे. ‘वयाच्या मानाने’ हा शब्द मी सदतिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्यासाठी ऐकला. मग त्या असंही म्हणाल्या की तिसऱ्यांदा मी सुचवणार नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते याच खेपेला.

आणि डबा कुणी फेकला? मीच. फ्रिजच्या दारावर पाटी आहे, ती मी लिहिलेली. दोन वर्षांपूर्वी आमच्या मजल्याचा फ्रिज म्हणजे उकिरडा झाला होता. कुणाचा राजमा, कुणाची इडली, हिरवी बुरशी आलेली बिर्याणी. मी खरडलं: ‘डब्यावर आपले नाव व तारीख घालावी. ज्या डब्याला नाव नाही तो कुणाचाच नाही असे समजून दर शुक्रवारी चार वाजता रिकामा केला जाईल. नंतर हळहळू नये.’ त्या पाटीचा फोटो सगळ्या मजल्यांवर फिरला. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, पण जन्म माझा येरवड्याचा, आणि पाटी लिहिण्यापुरती मी पक्की पुणेरी. मला त्या पाटीचा फार अभिमान होता. मागच्या शुक्रवारी मी आठवणीने चारला डबा काढून घेतला होता आणि अर्ध्या तासाने परत ठेवला होता. या शुक्रवारी चार वाजता मी लंडनच्या लोकांशी फोनवर भांडत होते, उद्या रात्री बँकेची नवी सिस्टिम चालू करायची की नाही यावरून, आणि शुक्रवार आहे हेच डोक्यातून गेलं. डब्यावर नाव का नव्हतं? नाव घातलं असतं तर कुणीतरी थट्टेने उघडून बघितलं असतं, मॅडमने आज काय आणलंय म्हणून. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, आणि वर हळहळू नये अशी पाटी.

प्रियदर्शनी गार पाणी घ्यायला आली. माझ्याच टीममध्ये टेस्टिंग करते, मागच्या वर्षी बाळंतपणाची रजा संपवून परत आली. मला फ्रिजपुढे तशी उभी बघून तिने विचारलं, तुझं काही होतं का आत? दही, मी म्हटलं. दही होतं. ती हळहळली, सोमवारी घरचं विरजण आणून देते म्हणाली. तिचा स्वभाव चांगला आहे, त्यामुळे मला तिचा रागच आला. सफाईच्या मैनाबाईंना गाठलं तर त्यांनी मला बेसिनजवळ नेलं. माझा डबा तिथे धुऊन पालथा घातला होता, चकचकीत. स्टील आहे म्हणून टाकला नाही, म्हणाल्या. आत सुई दिसली म्हणून हात न लावता पिशवीत उपडा केला, आणि पिशव्या घेऊन गाडी गेली सव्वाचारला. मी थँक्यू म्हटलं. हसावं की रडावं कळत नव्हतं, आणि थँक्यू ही ऑफिसातली सवय.

क्लिनिकला फोन केला. तिथल्या सोनाली सिस्टरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बहुतेक माझ्यासारख्या वेंधळ्या त्यांना रोज भेटत असाव्यात. इंजेक्शनचं तसलं भरलेलं पेन आता सोमवारशिवाय मिळणार नाही, म्हणाल्या, पण तेच औषध कुपीत येतं, आम्ही चिठ्ठी मोबाइलवर पाठवतो, कुठल्याही मोठ्या केमिस्टकडे मिळेल. फक्त ते कालवावं लागतं आणि कमरेत द्यावं लागतं, ते तुम्हाला स्वतःचं स्वतः जमणार नाही. घरी कुणी देणारं आहे का? घरी कुणी देणारं आहे का! माझी आई तीस वर्षं महापालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स होती. अर्ध्या येरवड्याला पहिली सुई ललिता सिस्टरने टोचली आहे. आणि तिच्यापासून लपवायचं म्हणूनच तर माझी सगळी औषधं घरच्या फ्रिजऐवजी ऑफिसच्या फ्रिजमध्ये होती. मी म्हटलं, हो, आहे.

अनंतला, म्हणजे आमच्या साहेबांना, सांगितलं की आईला बरं नाही. आमच्या धंद्यात आईला बरं नाही हे एकच कारण चालतं. स्वतःला बरं नसलं तर लोक गोळी देतात आणि कॉलवर बसवतात. लॅपटॉप घेऊन जा, कॉल चालू ठेव, म्हणाला. कॅबमध्ये कानात लंडन आणि बाहेर नगर रोड. शुक्रवारची संध्याकाळ, गाड्या हलायचं नाव घेत नव्हत्या. पोट जड झालं होतं, ओली जीन्स घालून बसल्यासारखं, आणि प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हात पोटाखाली धरत होते. पोटुशा बायका असंच धरतात. ते लक्षात आल्यावर हात काढून घेतले, पुढच्या खड्ड्याला पुन्हा आपोआप तिथेच. कानात कुणीतरी विचारत होतं, काही बिघडलं तर परत जुन्यावर यायला किती वेळ लागेल, बॅकअप आहे ना? आहे, मी म्हटलं. बॅकअप आहे म्हटलं की समोरचा निवांत होतो, हे मी पंधरा वर्षं बघते आहे. तो बॅकअप परत चढवून कुणी पाहिलाय का, हे सहसा कुणी विचारत नाही. मीही डॉक्टरबाईंना विचारलं नव्हतं. म्हणजे आकडे विचारले होते, तक्ते बघितले होते, पण खरं विचारायचं होतं ते विचारलं नाही, आणि ते त्यांना विचारून उपयोगही नव्हता.

मला हायसं का वाटलं? मी ते बाजूला सारत होते आणि ते पुन्हा येऊन बसत होतं. कंटाळा आला होता म्हणून, हे पहिलं उत्तर. सुयांचा, लपवाछपवीचा, रोज संध्याकाळी कॉलमध्येच ‘दोन मिनिटं’ म्हणून उठायचा. पण कंटाळ्याची सुटका वेगळी असते, ती मला ओळखता येते. ही खोलवरची होती. प्रियदर्शनीचं बाळ बघायला वारज्याला गेले होते तेव्हा तिने ते माझ्या हातात दिलं आणि सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, आता हिला भरून येणार म्हणून. मला फक्त वजन जाणवलं. छान आहे म्हटलं आणि परत दिलं. मग एकदा क्लिनिकमध्ये बसले असताना शेजारच्या बाईचं पोरगं, नाव नाही गाव नाही, खेळता खेळता माझ्या दंडावर डोकं टेकून झोपलं. त्याची लाळ माझ्या बाहीला लागली. हाताला मुंग्या आल्या, नर्सने माझं नाव दोनदा पुकारलं, पण मला उठवेना. वाटलं, हे मला हवंय, आत्ता हवंय, कुणाचंही कसंही. मग यातली खरी मी कुठली? ज्याच्याशी माझं लग्न व्हायचं होतं तो अभिनव असता तर त्याने उत्तर दिलं असतं. त्याच्याकडे सगळ्याची उत्तरं असायची. अजून दोन वर्षं थांबू, हे त्याचं उत्तर मी तीनदा ऐकलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या आईने मला पहिल्याच भेटीत चहा देताना गोड आवाजात विचारलं होतं, ‘तुमच्याकडे’ लग्न कसं करतात हो? मी सांगितलं, बुद्धवंदना, हार, जेवण, तासाभरात मोकळं. किती छान, त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर सहा वर्षं त्या घरात मी पाहुणीच राहिले. मग त्याने आईच्या पसंतीची केली, आणि दोन वर्षं न थांबता त्याला मुलगीही झाली. तेव्हा मी रडले नाही. त्या आठवड्यात सॉफ्टवेअरची रिलीज होती.

कंपनीने मध्यंतरी मेल पाठवली होती की ज्या मुलींना बीजं गोठवायची असतील त्यांना कंपनी मदत करेल. योगदिनाची मेल आणि पार्किंगच्या नियमांची मेल, यांच्या मधोमध. खाली हसऱ्या बाईचं चित्र. मी ती मदत घेतली नाही, कारण घेतली असती तर ऑफिसात कळलं असतं, आणि मग प्रत्येक बढतीच्या वेळी कुणीतरी मनात म्हटलं असतं, ही आता निवांत आहे, हिला अजून पिळायला हरकत नाही. आणि खोटं कशाला बोलू, ते खरंही ठरलं असतं. मी निवांत होण्यासाठीच हे करत होते. ठरवायचं काम पुढे ढकलण्यासाठी. डबा गेला, आणि क्षणभर वाटलं, सुटलो बुवा, ठरलं एकदाचं, आणि ते मी ठरवलं नाही. मैनाबाईंनी ठरवलं, शुक्रवारने ठरवलं. एवढ्या मोठ्या पदावरची बाई, रोज लोकांना हो की नाही ते स्पष्ट सांगा म्हणून ओरडणारी, आणि स्वतःचं कचऱ्याच्या गाडीवर सोपवून मोकळी. लाज वाटली मला. कॅबवाल्याने आरशातून बघितलं तेव्हा कळलं की मी काहीतरी मोठ्याने बोलले होते.

केमिस्टकडे कुपी मिळाली. त्याने बर्फाच्या पिशवीत गुंडाळून दिली. शेजारीच दवाखाना होता, तिथे कंपाउंडरने दोन मिनिटांत सुई दिली असती. पण बाकावर बसलेल्या चार बायकांपैकी दोघींनी मला ओळखलं, ललिता सिस्टरची उत्कर्षा ना गं, बरं नाही का? म्हणजे बातमी माझ्या आधी घरी पोचली असती. आईची भीती वाटायची असं नाही. पण एकदा टीव्हीवर कुठल्याशा नटीने बीजं गोठवल्याची बातमी होती आणि आई मटार सोलता सोलता म्हणाली होती, चांगलं आहे, म्हणजे आता बायकांना मरेपर्यंत सुट्टी नाही. बाबा होते तेव्हा. ते हसले, मीही हसले. ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं. जिने हजारो पोरं आपल्या हातांवर झेलली तिच्यापुढे जाऊन काय सांगणार होते? की मला मूल हवंय की नकोय ते माहीत नाही, पण नाही म्हणायचं धाडस नाही, म्हणून बर्फात ठेवतेय?

आई ओट्याशी होती. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, एक इंजेक्शन द्यायचंय मला. तिने हात पुसले, चष्मा लावला, खोका हातात घेऊन वाचला. तीन वेळा वाचला असेल. मग माझ्या पोटाकडे बघितलं, ओढणी बाजूला न करता, नुसतंच.

“कधी काढणार आहेत?”

“रविवारी सकाळी.”

“म्हणजे दहा-बारा दिवस चाललंय.” तिने खोका खाली ठेवला. “काहून लपवलंस?”

आई चाळीस वर्षं पुण्यात आहे. तिच्या तोंडून वर्ध्याचं ‘काहून’ निघतं ते फक्त घाबरल्यावर. बाबांना ॲम्ब्युलन्समध्ये घातलं त्या दिवशी निघालं होतं, त्यानंतर आज. मी मटारची गोष्ट सांगितली. म्हणाले असेन, ती म्हणाली, तीस वर्षं बायकांच्या किंकाळ्या ऐकून माणूस काहीही बोलतं, ते काय लक्षात ठेवायचं? मग घड्याळाकडे बघून म्हणाली, वेळ आहे अजून, जेवून घे. मी जेवले. भाकरी, वांग्याची भाजी. कानातला लंडन मी बंद करून टाकला होता, आणि मोबाइल टेबलावर पालथा घरघरत होता, त्याच्याकडे आई अधूनमधून रागाने बघत होती. ती किती बीजं, कोण डॉक्टर, भूल देणार का, एवढंच विचारत राहिली, ड्युटीवर असल्यासारखी. का, हे तिने विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर मी चिडले असते. नाही विचारलं, तर मला राहवेना.

नऊला दहा मिनिटं असताना मी तिच्या पलंगावर पालथी पडले. उशाला बाबासाहेबांचा फोटो आणि तिच्या नोकरीच्या निरोपसमारंभाचा फोटो. मागे कुपीची मान मोडल्याचा आवाज आला. मी उशीत तोंड घालून सांगितलं, फ्रिज रिकामा दिसला तेव्हा मला बरं वाटलं. आई, मला हायसं वाटलं. ज्या बाईला असं वाटतं तिने हे करावं का?

मागे काच किणकिणली. पाणी कुपीत सोडत असावी.

“तुझ्या वेळी मी प्रोबेशनवर होते,” आई म्हणाली. “बाळंतपणाची रजा मागितली असती तर नोकरी राहिली असती का कुणास ठाऊक. तुझ्या बाबांची अजून टेम्पररीच होती. एक दिवस ड्युटीवर असताना लागलं मला. अंगावरून जायला लागलं. मी संडासात जाऊन बसले आणि वाटलं, चला, पडलं. सुटले.”

मी मान वळवली. तिच्या हातात सिरिंज होती, ती उजेडाला धरून हवा काढत होती.

“तुलाही हायसं वाटलं?”

“वाटलं. आनंदाने चहा प्यायले मैत्रिणींबरोबर. चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी तपासलं तर तू होतीस जागच्या जागी.”

माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. सदतीस वर्षं. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला खीर करणारी बाई, माझ्या दहावीच्या गुणांचे पेढे अख्ख्या वॉर्डात वाटणारी बाई. मी नाही असं समजून ती चहा प्यायली होती. मला तिचा इतका राग आला की उठून बसावंसं वाटलं.

“हे तू मला आत्ता सांगतेस? सुई हातात धरून?”

“तू विचारलंस आत्ता.”

“मग हवीशी कधी झाले मी?”

तिने खरंच आठवायचा प्रयत्न केला. मला दिसत होतं, ती चष्म्याच्या वरून भिंतीकडे बघत होती.

“ते नाही सांगता येणार बाई. ड्युटी असायची,” ती म्हणाली. मग घड्याळाकडे बघून, अगदी साध्या आवाजात, “वेळ झाली. देऊ का नको ते तू सांग. मी माझ्या मनाने देणार नाही.”

खोलीत पंख्याचा आवाज होता. मी शोधलं. पोटात, छातीत, जिथे जिथे असलं काही असतं म्हणतात तिथे सगळीकडे शोधलं, की हवंय का मला. होय असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, नाही असंही नव्हतं. एवढंच कळलं की या वेळी कचऱ्याची गाडी यायची नाही. जे म्हणायचं ते माझ्याच तोंडाने म्हणावं लागणार. आणि जिला माझ्या वेळी हवंय की नकोय हे माहीत नव्हतं ती माझी आई होऊन माझ्यामागे सिरिंज धरून उभी होती.

“दे,” मी म्हटलं.

स्पिरिटचा बोळा गार लागला. आईचा हात हलका आहे असं प्रसूतिगृहातल्या सगळ्या बायका म्हणायच्या. मला दुखलं. फार दुखलं, पार पायापर्यंत, आणि मी तसं तिला सांगितलं.

“दुखणारच,” आई म्हणाली, आणि चोळत राहिली.